शाळेतलं वय

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या कामावर सगळे 'सॉरीबाई' म्हणतात. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. चादरी मशीनमधून काढायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या घालायच्या. कोणी तिच्या पायावर पाय दिला तरी सॉरी हीच म्हणणार. मशीन बंद पडलं, सॉरी. पाणी गेलं, सॉरी. एकदा एक डॉक्टर जिन्यात घसरले, तर ही खालच्या मजल्यावरून ओरडली, "सॉरी हं डॉक्टर!" मी तिला म्हणतो, बाई गं, जग काय तू चालवतेस का? तर म्हणते, "तसं नाही रे दादा, पण..." त्या 'पण'च्या पुढे तिला कधी काही सुचलेलं नाही.

मी तिच्या अगदी उलट. मी तापट आहे, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर माझं टेबल आहे, बावीस वर्षं झाली. लोकांचे अर्ज लिहितो, फॉर्म भरतो, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. माणसं येतात ती निम्मी बावळट आणि निम्मी अतिशहाणी, दोघांवरही मी सारखाच डाफरतो. तरी येतात, कारण माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज सहसा परत येत नाही. याचा मला माज होता. होता म्हणतो, कारण आता जे सांगणार आहे ते त्या माजाचंच आहे.

बहिणीला एकच मुलगी. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून सात-आठ दिवस घरी दिसला तर दिसला. त्यामुळे भाचीचं सगळं माझ्याकडेच. तिला घरात 'टकळी' म्हणतात, का ते पाच मिनिटं तिच्याजवळ बसलात की कळेल. सकाळी डोळा उघडला की तोंड सुरू. समोरच्या गॅरेजवाल्याची म्हातारी का रुसली, शाळेतल्या शिपायाचा दात कसा पडला, सगळ्या बातम्या हिच्याकडे, आणि त्याही तिखटमीठ लावून. मी म्हणायचो, ही पोर वकील होणार, समोरच्याला बोलूच देणार नाही.

पण पुस्तक उघडलं की ही टकळी बंद. एकेक अक्षर विचाराल तर सांगायची, चार अक्षरं शेजारी बसली की त्यांची जागा बदलायची, काना-मात्रा उडून जायच्या. बरं, लबाड इतकी की वर्गात धडा वाचून झाला की तो तिला पाठ. मग घरी आईसमोर बोट फिरवत घडाघडा म्हणायची. एकदा मी बघितलं, तोंडात तिसरी ओळ आणि बोट सातव्या ओळीवर. मी पुस्तक काढून घेतलं आणि मधलाच एक शब्द दाखवला. तिने माझ्याकडे बघितलं, शब्दाकडे बघितलं, आणि मानेवर घाम फुटला तिच्या. चौथीतली पोर! मी पुस्तक आपटलं. रागाच्या भरात काय काय बोललो. बहीण मध्ये पडली, "दादा, तिला नको रे बोलू, माझंच चुकतंय, मीच कमी बसते तिच्याबरोबर."

जानेवारीत शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आम्हाला बोलावलं. बाई वाईट नाहीत, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. म्हणाल्या, "चार वर्षं झाली. हिची तपासणी करून घ्या. तिथे बुद्धीची चाचणी घेतात, वाचन-लेखनाचीही घेतात. बुद्धी ठीक आहे आणि फक्त वाचनात अडचण आहे, असा रिपोर्ट आला तर ती इथेच राहील. पेपर वाचून दाखवायला माणूस देऊ, वेळ जास्त देऊ, वेगळ्या शिक्षिका शिकवतील. पण बुद्धीच कमी आली, तर माझा नाइलाज आहे. मार्चनंतर तिला विशेष मुलांच्या शाळेत घाला."

बाहेर आल्यावर बहीण कठड्याला धरून उभी राहिली. त्या विशेष शाळेला मी नावं ठेवत नाही, ज्या पोरांना तिची गरज आहे त्यांना तिथे मायेने सांभाळतात. पण आमची टकळी तिथली नाही, हे मला छातीठोक माहीत होतं. आणि छाती ठोकून काय उपयोग, कागद लागतो. कागदाचं महत्त्व मला नाही कळणार तर कोणाला?

तपासणी केंद्र एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. बाहेर तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. आत एक टेबल, कपाटात कुलूपबंद पेट्या, खिडकीला दूधकाचा. तपासणाऱ्या मॅडम तिशीच्या असतील, आवाज हळू, नजर मात्र अशी की आपण उगाचच शर्टाची कॉलर नीट करावी. आधी त्यांनी टकळीला बाहेर खडू आणि कागद देऊन बसवलं आणि आम्हाला आत घेतलं. मुलगी कधी बसायला लागली, कधी चालायला, पहिला शब्द कोणता. बहिणीला सगळं तोंडपाठ.

"गरोदरपणात काही त्रास?" मॅडमनी विचारलं.

बहीण एकदम म्हणाली, "मी आठव्या महिन्यापर्यंत कामावर जात होते मॅडम. आमच्याकडे चादरी शुभ्र करायचं औषध असतं, त्याचा वास डोक्यात जातो. मला सुपरवायझर म्हणाल्या होत्या, सुट्टी घे. मी नाही घेतली. त्यानेच झालं असेल ना?"

ही गोष्ट मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. नऊ वर्षं ही बाई हे मनात घेऊन चादरींच्या घड्या घालत होती.

मॅडम म्हणाल्या, "असं सांगता येत नाही. आधी तपासू." मग त्यांनी जन्मतारखेचा पुरावा मागितला. मी शाळेचा दाखला पुढे केला. त्यांनी कागदावर वर आजची तारीख लिहिली, खाली जन्मतारीख, आणि वजाबाकी केली. वर्षं, महिने, दिवस, तीन वेगळ्या रकान्यांत. "दहा वर्षं, एक महिना, एकोणीस दिवस," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मला हसू आलं. "अहो मॅडम, दिवस कशाला मोजता? पोर काय दुधाची पिशवी आहे?"

"मोजावे लागतात," त्या म्हणाल्या. "मुलाने किती उत्तरं बरोबर दिली, एवढ्याने काही कळत नाही. त्याच वयाची बाकीची मुलं किती देतात, त्याच्याशी ताडून बघायचं. दर काही महिन्यांच्या वयाला आमचा तक्ता बदलतो. वय चुकलं की सगळंच चुकलं."

ते वय मी लिहिलेलं होतं.

सांगतो. टकळी साडेपाच वर्षांची होती तेव्हा बहिणीला लाँड्रीत दिवसपाळी मिळाली. पोरीला सांभाळायला घरात कोणी नाही. शाळेचा नियम असा की पहिलीत जायला सहा पूर्ण पाहिजेत. म्हणजे एक वर्ष थांबा, किंवा पाळी सोडा. बहीण रडकुंडीला आली. मी म्हटलं, एवढंच ना? माझ्या टेबलावर रोज हेच होतं. मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं की मुलीचा जन्म घरी झाला, नोंद करायची राहून गेली, जन्मतारीख अमुक. दिवस आणि महिना खराच ठेवायचा, फक्त साल एकाने मागे घ्यायचं. ही माझी युक्ती. म्हणजे पोराच्या तोंडून चुकून वाढदिवस निघाला तरी कागदाशी जुळतो, कोणाला संशय येत नाही. खरा जन्म बहिणीच्याच हॉस्पिटलमधला, तिथे नोंद आहे, पण ती बघायला कोण जातंय? टकळी पहिलीत बसली. मी मिशीला पीळ दिला. एका दगडात दोन पक्षी म्हणालो होतो मी, आठवतंय मला.

आणि आता मॅडमच्या कागदावर आमची नऊ वर्षांची पोर दहा वर्षांची होऊन बसली होती. बोलावं का? बोललो तर खोटं प्रतिज्ञापत्र उघडं पडणार. शाळा नाव काढणार, माझं टेबल उचललं जाणार. शिवाय मनाला समजावलं, एक वर्षाने असा काय फरक पडतोय? दहा काय, नऊ काय. मी तोंड मिटून बसलो.

तपासणी दोन सकाळी चालली. दार बंद. दूधकाचेतून दोन आकार दिसायचे, एक मोठा, एक लहान. मधूनच ठोकळ्यांचा आवाज यायचा, मधूनच टकळीचं हसू. मग बराच वेळ काहीच नाही. बहीण बाहेर बसून रुमालाची घडी घालायची आणि मोडायची. घडी, मोड, घडी, मोड. मी म्हटलं, बस कर, कापड फाटेल. तर रुमाल ठेवून ओढणीची घडी घालायला लागली. "आता नुसती शांतता आहे रे दादा. तिला येत नसेल काही. तू ऐक ना दाराशी." मी म्हटलं, "दाराशी कान लावायला मी काय चोर आहे?" आणि बोलता बोलताच जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी परत येताना बसमध्ये टकळी खिडकीला लागून झोपली. बहीण हळूच म्हणाली, "दादा, त्या मॅडमनी दहा वर्षं लिहिलं ना रे? आपली तर नऊचीच आहे. चालेल ना तसं?"

म्हणजे तिच्याही मनात आलं होतं. आणि मी काय केलं? मी तिच्यावरच उखडलो. "तुला त्यातलं काय कळतं? कागदावर असतं तेच लिहायचं असतं! उगाच नको तिथे तोंड उघडलंस तर शाळेतून नाव जाईल पोरीचं."

"सॉरी दादा," ती म्हणाली. "मला वाटलं म्हणून विचारलं."

त्यानंतरचा एक आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. एका माणसाच्या अर्जात त्याच्या बायकोच्या जागी त्याच्या आईचं नाव टाइप केलं. बहीण रोज संध्याकाळी यायची आणि एकच विचारायची, "फोन आला का रे?" नाही म्हटलं की उंबऱ्यातच थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. शनिवारी फोन आला.

मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी काय ते समजलो. त्या म्हणाल्या, "वाचनात आणि लिहिण्यात ती खूप मागे आहे, पहिलीच्या पातळीवर. ते अपेक्षित होतं. पण बुद्ध्यांकही कमी आला आहे. एकोणऐंशी. फक्त वाचनाची अडचण आहे असं प्रमाणपत्र द्यायला, आमच्या नियमाप्रमाणे, पंच्याऐंशी तरी लागतात. खरं सांगू का, माझं मलाच पटत नाहीये. ती ज्या पद्धतीने विचार करते, एखाद्या चित्रावरून अख्खी गोष्ट रचते, त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. मी दोनदा बेरीज तपासली. पण आकडा तोच येतो."

"मग ती दुसरी शाळा?" बहिणीने विचारलं.

"मला तसंच लिहावं लागेल. मनाला पटत नाही म्हणून आकडा बदलता येत नाही."

बहीण रडली नाही. तिने फक्त मान हलवली, हळूहळू, आधीपासून ठाऊक असल्यासारखी. "ते औषधच मॅडम. मीच सुट्टी घ्यायला पाहिजे होती."

मॅडमनी रिपोर्टचा कच्चा मसुदा माझ्यासमोर ठेवला. "नाव, पत्ता, कुटुंबाची माहिती बरोबर आहे का बघा आणि खाली सही करा." कागद हातात आला की वरपासून खालपर्यंत वाचायची माझी सवय. नाव बरोबर. पत्ता बरोबर. पुढे दुसऱ्या पानावर 'तपासणीच्या वेळचे वर्तन' असा मथळा होता. मुलगी हसतमुख आहे. सूचना लक्षपूर्वक ऐकते. आणि मग ही ओळ: 'स्वतःचे वय विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिली व "मामाला विचारा" असे म्हणाली. दोनदा विचारूनही वय सांगता आले नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली.

तिला पहिलीत घातलं तेव्हा मी समोर बसवून पढवलं होतं. कोणीही वय विचारलं तर तोंड उघडायचं नाही, मामाला विचारा म्हणायचं. बोललीस तर मामाला पोलीस धरून नेतील. पोर घाबरावी म्हणून म्हटलं होतं, आणि विसरूनही गेलो होतो. ती विसरली नव्हती. सगळ्या गावाच्या बातम्या सांगणारी पोर हे एक चार वर्षं पोटात ठेवून बसली होती, आणि ज्या खोलीत तिला हुशार ठरायचं होतं त्याच खोलीत माझ्यासाठी बावळट ठरून आली.

"मॅडम," मी म्हटलं, "ते वय खोटं आहे."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. एरवी तावातावाने बोलणारा मी, पाचावर धारण बसली होती माझी. सगळं सांगितलं. प्रतिज्ञापत्र, साल, पढवणं, सगळं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"पहिल्या दिवशी मी तुमच्यासमोर वय काढलं," त्या म्हणाल्या. "त्याचा अर्थही सांगितला. तेव्हा कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"आणि तुम्ही गंमत केलीत. दुधाची पिशवी म्हणालात."

मी खाली बघितलं. बावीस वर्षांत माझ्यावर असं कोणी डाफरलं नव्हतं, आणि त्या तर आवाजही चढवत नव्हत्या.

"आता पुन्हा तपासणी घ्यावी लागेल का?" बहिणीने घाबरत विचारलं.

"नाही. तिची उत्तरं तीच राहतात. तक्ता बदलतो. पण मला हॉस्पिटलची मूळ नोंद आणून द्या, तोंडी सांगितलेलं चालणार नाही. आकडा कुठे जाईल ते मी आत्ता सांगणार नाही. वाढेल, पण पुरेसा वाढेल का माहीत नाही. आणि शाळेला खरं वय कळवावंच लागेल. रिपोर्टवर एक वय आणि शाळेत दुसरं, असं मी लिहू शकत नाही. त्यावर शाळा काय करेल ते तुम्ही बघा."

बहीण मॅडमकडेच बघत होती. मी म्हटलं, आता ही माझ्याकडे वळेल, आता चार शब्द सुनावेल, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. तर ती म्हणाली, "म्हणजे... त्या औषधामुळे नसेल? माझ्यामुळे नसेल?"

"वाचनाची अडचण अशी पुष्कळ मुलांना असते," मॅडम म्हणाल्या. "त्यात आईची चूक नसते."

तेव्हा मात्र बहीण रडली. तोंडावर ओढणी दाबून, खांदे हलेपर्यंत. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

सोमवारी तिने हॉस्पिटलमधून जन्मनोंदीची नक्कल काढली. दोन मजले वर चढायचं काम होतं फक्त. दुपारी आम्ही ती मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि त्या तिन्ही खुर्च्या सोडून भिंतीला टेकून उभे राहिलो. आत पानं उलटल्याचा आवाज येत होता. बहिणीने या खेपेला कसलीच घडी घातली नाही. हात नुसते लोंबत होते. मी मनात म्हणत होतो, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी आले तर? चौऱ्याऐंशी आले तर मी कुठे तोंड दाखवू? पोरीच्या नशिबाला एक आकडा कमी पडला आणि माझी युक्ती तशीच मिरवत राहिली, असं झालं तर? वीस मिनिटं गेली असतील.

दार उघडलं. "सत्त्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. "प्रमाणपत्र देता येईल."

बहिणीने खाली बसून घेतलं, तिथेच, फरशीवर.

घरी गेल्यावर मी टकळीला जवळ घेतलं. म्हटलं, "वेडाबाई, मॅडमनी वय विचारलं तर सांगायचं ना. तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं की," ती म्हणाली. "शाळेतलं पण आणि खरं पण. पण तुला नेलं असतं ना पोलिसांनी." मग गाल फुगवून म्हणाली, "त्यांना वाटलं मला येतच नाही. मला येत होतं, मामा."

मी उठून मोरीत गेलो आणि नळ मोठा सोडला.

शाळेतलं प्रकरण बुधवारी झालं. मोठ्या बाईंनी रिपोर्ट वाचला, माझा कबुलीजबाब वाचला. तो मी हातानेच लिहिला होता, आणि लोकांचे हजारो अर्ज लिहिलेल्या माणसाने त्यात चार जागी खाडाखोड केली होती. बाई म्हणाल्या, "मुलगी राहील. तिचा काही अपराध नाही. दाखला दुरुस्त होईल, पुढच्या वर्षी पुन्हा चौथीतच बसवू, तिच्या वयाच्या मुलांबरोबर. वाचनाच्या शिक्षिका उद्यापासून. तुमच्याबद्दल मात्र मला वर कळवावं लागेल. टेबलाचं काय होईल ते तिथे ठरेल."

"कळवा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फाटकाबाहेर आल्यावर मला वाटलं, सुटलो. पोर वाचली, माझं जे व्हायचं ते होवो. मी बहिणीला म्हटलं, "चल, चहा घेऊ." ती हलली नाही.

"दादा," ती म्हणाली, "अशी आणखी किती?"

"कसली आणखी?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तूच म्हणतोस ना, माझ्या टेबलावर रोज हेच होतं. आणखी किती पोरांची वयं वाढवलीस?"

आयुष्यात ती माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. मी म्हटलं, असतील दहा-पंधरा. "नीट आठव," ती म्हणाली. मी आठवायला लागलो. दर जूनमध्ये चार-पाच यायचेच. बावीस जून. "शंभर असतील," मी म्हटलं.

"ती सगळी काही वाचनात अडणारी नसतील," ती म्हणाली. "काही रेटून गेलीही असतील पुढे. पण जी मागे पडली त्यांना सगळे मंदच म्हणाले असतील ना रे? आणि त्यांच्या आया माझ्यासारख्या बसल्या असतील, आपलं काय चुकलं ते शोधत. त्यांना कोण सांगणार?"

ती कामाला उशीर होतो म्हणून निघून गेली, आणि मी फाटकाशी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी टेबल लावलं नाही. आठवतील ती नावं एका कागदावर लिहिली आणि पहिल्या नावाकडे गेलो. जवळच होतं, तीन गल्ल्या सोडून, सायकल दुरुस्तीवाला. सात-आठ वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं साल मी एकाने मागे नेलं होतं. मला बघून तो खूश झाला. स्टूल पुसून दिलं, आत हाक मारली, "अगं, साहेब आलेत, पाणी आण."

मुलगी पाणी घेऊन आली. तेरा-चौदा वर्षांची, हातांना वंगण लागलेलं, बापाच्याच कामात होती. मी विचारलं, "शाळेत जात नाही आज?"

"शाळा केव्हाच सोडली हिने," बाप म्हणाला, तिच्यादेखतच, हसत. "मंद आहे हो जरा. बाईंनीच सांगितलं होतं, हिला जमायचं नाही म्हणून. पण हाताला चलाख आहे, पंक्चर माझ्याआधी काढते."

मुलगी पेला माझ्यासमोर धरून उभी होती. मी तो घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"बसा दोघं," मी म्हटलं. "आणि हिच्या आईलाही बोलवा. मला एक सांगायचं आहे."